देहाची साक्ष

'रोगापेक्षां इलाज भयंकर' ही म्हण आपल्याकडे घरोघरीं ऐकूं येते. तिचा उपयोग बहुधा थट्टेनें होतो. परंतु तिच्या पोटीं पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव सांठलेला आहे. ज्या औषधांत रोग हटविण्याचें सामर्थ्य आहे, त्या औषधांत देहाच्या इतर व्यापारांत ढवळाढवळ करण्याचेंही सामर्थ्य असतेंच. जुना वैद्य पुडी बांधून देतांना पथ्य सांगे तें याच जाणिवेनें. आंबट नको, तेलकट नको, रात्रीं दहीं नको, ही त्याची यादी ऐकून इंग्रजी शिकलेली पिढी गालांत हंसत असे. बाटलींतलें शास्त्रीय औषध घेतलें कीं पथ्याची कटकट संपली, असा तिचा समज. मनाच्या विषण्णतेवर विसाव्या शतकाच्या मध्यास जीं औषधें निघालीं, त्यांचा इतिहास या समजाला चांगलाच धक्का देणारा आहे.

या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येऊन पोंचतो. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या देशांत उन्माद, निद्रानाश, सर्पदंश इत्यादींवर फार दिवसांपासून वापरांत होती. तिची मुळी रक्तदाब उतरविते व वेडाच्या झटक्यांत रुग्णास शांत करते, असें कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं 1931 सालीं लिहून ठेविलें होतें. पुढें मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर या मुळीचा पद्धतशीर प्रयोग केला आणि त्याचा वृत्तांत 1949 सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें प्रसिद्ध केला. त्या लेखानें पाश्चात्य वैद्यांचें लक्ष या मुळीकडे वेधलें. 1952 सालीं स्वित्झर्लंडांतील बाझेल येथील सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं तिच्यांतून 'रेसर्पिन' हें द्रव्य वेगळें काढलें.

रेसर्पिन रक्तदाब उतरवी, यांत शंका नव्हती. परंतु तें घेणाऱ्यांपैकीं कांहीं रुग्णांची कळा हळूहळू पालटूं लागली. कामांत मन लागेनासें झालें, भूक मंदावली, पहांटे जाग येऊन डोळ्यांस डोळा लागेना. रक्तदाबाचें औषध आणि मनाची उदासी यांचा संबंध असेल अशी कल्पना सहसा कोणी केली नसती. परंतु 1954 च्या सुमारास असे वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांत येऊं लागले. 1955 सालीं अमेरिकेंत बेथेस्डा येथें बर्नार्ड ब्रोडी व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, रेसर्पिन दिल्यावर शरीरांतील सेरोटोनिन या द्रव्याचा सांठा रिता होतो. मेंदूंतील अशा द्रव्यांचा क्षय आणि विषण्णता यांचें कांहीं नातें असावें, ही कल्पना त्यांतून बळावली. रेसर्पिनमुळें विषण्णता येतेच, हें मत पुढच्या संशोधकांना पूर्वीइतकें निश्चित वाटेनासें झालें, हें खरें. तथापि विचाराची दिशा त्या वेळीं ठरून गेली.

दुसरा धागा क्षयरोगाचा. 1951 च्या सुमारास अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेंत आयसोनियाझिड व त्याचेंच भावंड शोभणारें इप्रोनियाझिड, अशीं दोन द्रव्यें क्षयाच्या जंतूंवर परिणामकारक ठरलीं. न्यूयॉर्कच्या स्टॅटन बेटावर सी व्ह्यू नांवाचें क्षयरोग्यांचें मोठें रुग्णालय होतें. तेथें एडवर्ड रॉबिट्झेक व आयर्व्हिंग सेलिकॉफ या डॉक्टरांनीं तीं औषधें असाध्य ठरलेल्या रुग्णांना दिलीं. 1952 सालीं तेथील बातमी बाहेर पडली ती चमत्कारासारखी. मरणाची वाट पाहत अंथरुणाला खिळलेलीं माणसें उठून बसलीं, मागून मागून जेवूं लागलीं आणि दालनांतून नाचूं लागलीं. त्यांचीं छायाचित्रें वृत्तपत्रांतून झळकलीं.

परंतु इप्रोनियाझिड घेणाऱ्यांचा हा उत्साह निव्वळ प्रकृति सुधारल्याचा आनंद नव्हता. फुप्फुसांची स्थिति फारशी पालटलेली नसतांही वृत्ति उल्हसित होई. कांहींना झोंप येत नसे, कांहींना उठून उभें राहतांच भोंवळ येई, कांहींना बद्धकोष्ठ होई, तर कांहींचें चित्त भ्रमिष्टासारखें होई. क्षयाच्या वैद्यांच्या दृष्टीनें हे सारे दोषच होते. म्हणून त्यांनीं इप्रोनियाझिड बाजूस सारून आयसोनियाझिड जवळ केलें. त्याच वर्षीं शिकागो येथील अर्न्स्ट झेलर यांनीं दाखविलें कीं, इप्रोनियाझिड हें 'मोनोअमाइन ऑक्सिडेज' नांवाच्या एका पाचकद्रव्याचें काम बंद पाडतें. हें पाचकद्रव्य सेरोटोनिन, नॉरॲड्रिनॅलिन इत्यादि द्रव्यांचें विघटन करणारें. तें निष्क्रिय झालें कीं त्या द्रव्यांचा सांठा वाढणार, हें ओघानेंच आलें.

हे दोन्ही धागे न्यूयॉर्क राज्यांतील रॉकलंड या मनोरुग्णालयांत काम करणारे डॉ. नेथन क्लाइन यांच्या हातीं एकत्र आले. रेसर्पिनचा मनोरुग्णांवर उपयोग त्यांनीं 1954 सालींच प्रसिद्ध केला होता. प्रयोगशाळेंतील जनावरांना अगोदर इप्रोनियाझिड देऊन मग रेसर्पिन दिलें असतां तीं मलूल न होतां उलट चळवळीं होतात, हें त्यांना कळलें. क्षयरोग्यांत जो दोष मानला गेला, तोच विषण्ण माणसाला गुण ठरणार नाहीं काय, असा प्रश्न त्यांच्या मनांत आला. 1957 च्या एप्रिलांत सिराक्यूज येथील सभेंत क्लाइन, लूमर व सॉंडर्स यांनीं आपले अनुभव मांडले. औषध क्षयासाठीं बाजारांत होतेंच. वर्षभरांत सुमारें 4,00,000 विषण्ण रुग्णांना तें देण्यांत आलें. त्याच 1957 सालीं लास्कर पारितोषिकाचे मानकरी म्हणून मुंबईचे वकील आणि न्यूयॉर्कचे क्लाइन यांचीं नांवें सर्पगंधेच्या संदर्भांत एकाच यादींत झळकलीं, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

एका रोगाच्या औषधाचा दोष दुसऱ्या रोगाचा इलाज ठरला. पण इलाज ठरतांच त्याचेही दोष पुढें आले. इप्रोनियाझिड घेणाऱ्या कित्येकांना कावीळ झाली, कांहीं यकृत बिघडून दगावले. 1961 सालीं अमेरिकेंत हें औषध बाजारांतून काढून घ्यावें लागलें. तोंवर त्याच कुळांतील दुसरीं औषधें तयार झालीं होतीं. फेनेल्झिन व ट्रॅनिलसिप्रोमिन हीं त्यांतील प्रमुख. त्यांचा यकृताला उपद्रव कमी, म्हणून डॉक्टरांनीं निश्वास टाकला. परंतु तीं घेणाऱ्या कांहीं रुग्णांना एक विचित्र व्याधि जडूं लागली. चांगला बसलेला माणूस एकाएकीं डोकें धरी. मस्तकाच्या मागील बाजूस घण पडावे तशी वेदना, छातींत धडधड, घाम, ओकारी आणि रक्तदाब भलताच चढलेला. तास दोन तासांनीं बहुतेकांचें दुखणें ओसरे. पण कांहींच्या मेंदूंत रक्तस्राव होऊन ते प्राणास मुकले. हें कोणास व केव्हां होईल याचा कांहीं नेम नव्हता. तेंच औषध तोच रुग्ण महिनोन् महिने निर्धास्तपणें घेई आणि एखाद्या सायंकाळीं मात्र हा घाला पडे.

लंडन येथील मॉड्स्ली रुग्णालयांत बॅरी ब्लॅकवेल नांवाचे एक तरुण डॉक्टर मनोविकारांचें शिक्षण घेत होते. 1963 सालच्या आरंभीं या डोकेदुखीविषयीं त्यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत एक पत्र लिहिलें. तें वाचून नॉटिंगहॅम येथील एका औषधविक्रेत्यानें त्यांना पत्र पाठविलें. त्याची पत्नी अशाच कुळांतील औषध घेत होती. तिला दोनदां असा झटका आला आणि दोन्ही वेळां तिनें चीज खाल्लें होतें. लोणी किंवा दूध घेतल्यानें तिला कांहींच होत नसे. चीजमधील एखाद्या द्रव्याचा या औषधाशीं कांहीं संबंध असेल काय, अशी पृच्छा त्यानें केली होती.

ब्लॅकवेल यांना प्रथम या पत्राचें हंसूं आलें, हें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. आणि हंसूं येणें स्वाभाविकही होतें. ज्या देशांत चीज हें रोजच्या जेवणांतलें, तेथें त्याच्या तुकड्यानें मेंदूची रक्तवाहिनी फुटेल हें कोण मानील? शिवाय सांगणारा कोणी प्राध्यापक नव्हता. आपल्या पत्नीच्या ताटाकडे नीट लक्ष देणारा एक संसारी मनुष्य होता. परंतु औषधाच्या कंपनीकडील माणसाकडूनही चीजचाच उल्लेख कानीं आल्यावर ब्लॅकवेल यांनीं ही गोष्ट मनावर घेतली. त्यांनीं स्वतः तें औषध कांहीं दिवस घेऊन चीज खाऊन पाहिलें. कांहींच झालें नाहीं. दुसरा कोणी असता तर येथेंच थांबता. ब्लॅकवेल थांबले नाहींत. ज्यांना झटके आले त्यांनीं अगोदर काय खाल्लें होतें याचा त्यांनीं कसून शोध घेतला, संमति देणाऱ्या रुग्णास चीज देऊन रक्तदाब मोजला आणि संशय खरा असल्याची त्यांची खात्री झाली. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला.

या प्रकाराचा उलगडा लंडनमधील इतर संशोधकांनीं त्याच वर्षीं केला. चीज मुरत असतांना त्यांतील प्रथिनांवर जंतूंची क्रिया होऊन 'टायरामिन' हें द्रव्य उत्पन्न होतें. चीजला जो ग्रीक शब्द, त्यावरूनच या द्रव्याचें नांव पडलेलें आहे. म्हणजे नांवांतच खूण होती, ती ओळखणारा तेवढा हवा होता. निरोगी माणसाच्या पोटांत टायरामिन गेलें तर आंतड्याच्या भिंतींत आणि यकृतांत पहारा देणारें मोनोअमाइन ऑक्सिडेज त्याचा तेथल्या तेथें निकाल लावतें. औषधानें मेंदूंतील पाचकद्रव्य बंद पाडलें, तसें आंतड्यांतीलही बंद पाडलें. वेशीवरचा पहारेकरी झोंपला आणि टायरामिन सरळ रक्तांत शिरलें. तें मज्जातंतूंच्या टोकांशीं सांठलेलें नॉरॲड्रिनॅलिन एकदम बाहेर लोटतें, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब उसळतो. एरव्हीं ज्या माणसाला 200 मिलिग्रॅम टायरामिनही बाधत नाहीं, त्यालाच हें औषध चालू असतां सुमारें 10 मिलिग्रॅम पुरेसें होतें. सगळें चीज सारखें मुरलेलें नसतें. म्हणून कोणाला बाधलें, कोणाला बाधलें नाहीं. ताज्या चीजमध्यें टायरामिन अगदीं थोडें, हेंही त्यावरून कळलें.

मग एकामागून एक पदार्थ यादींत आले. यीस्टचा अर्क, मुरविलेले मांस व मासे, कांहीं प्रकारचें मद्य, मोठ्या घेवड्याच्या जातीच्या शेंगा. सर्दीपडशावर बिनदिक्कत घेतलीं जाणारीं कांहीं औषधेंही त्यांत आलीं. कारण त्यांतील द्रव्यें टायरामिनच्याच जातीचीं. 1964 सालीं ट्रॅनिलसिप्रोमिन अमेरिकेंत बाजारांतून काढून घेण्यांत आलें आणि त्याच वर्षीं कडक सूचनांसह पुनः आणण्यांत आलें. तेव्हांपासून या औषधाबरोबर वर्ज्य पदार्थांची यादी रुग्णाच्या हातीं देण्याची चाल पडली. वैद्यबुवांच्या पथ्याला हंसणाऱ्या शास्त्राला अखेर स्वतःचें पथ्य लिहून द्यावें लागलें.

याच सुमारास दुसऱ्या एका जातीचें औषध युरोपांत पुढें आलें होतें. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयांत रोलंड कून हे डॉक्टर गायगी कंपनीच्या एका नव्या द्रव्याचा प्रयोग करीत होते. तें उन्मादावर चालेल अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. परंतु विषण्ण रुग्णांना दिल्यावर त्यांच्या वृत्तींत विलक्षण पालट झाला. कून यांनीं हें 1957 सालीं प्रसिद्ध केलें. झुरिक येथील मनोविकारतज्ज्ञांच्या जागतिक परिषदेंत त्यांचें भाषण ऐकावयास अवघे बारा-एक लोक होते, असें सांगतात. तेंच औषध पुढें इमिप्रॅमिन या नांवानें जगभर पसरलें.

इमिप्रॅमिनला चीजचें पथ्य नव्हतें. पण त्याचा त्रास वेगळा होता. जीभ कोरडी पडे, बद्धकोष्ठ होई, जवळचीं अक्षरें अंधुक दिसत, हृदयाची धडधड वाढे, वृद्ध पुरुषांना लघवी अडे, उठतांना भोंवळ येई. हीं लक्षणें वाचून आपल्या देशांतील जुन्या डॉक्टरांना धोतऱ्याची आठवण व्हावी. वाटसरूला धोतऱ्याचें बीं खाऊं घालून लुटणाऱ्या टोळ्यांच्या हकीकती एकोणिसाव्या शतकांतील सरकारी कागदपत्रांत पुष्कळ आहेत. त्या विषबाधेंतही तोंड सुकतें व दृष्टि अंधुक होते. कारण दोहोंकडे एकच आहे. लाळ, आंतडीं, मूत्राशय, डोळा यांचे व्यापार चालविणारें ॲसिटिलकोलिन नांवाचें द्रव्य दोन्ही अडवितात. मात्रेचा फरक एवढाच. मात्रा ओलांडली तर या औषधानें हृदयाचा ठेका बिघडून मृत्यु येतो. आणि जीवाला कंटाळलेल्या माणसाच्या हातीं तें औषध द्यावयाचें, हीच त्यांतील मोठी अडचण होती.

म्हणून केवळ सेरोटोनिनवर काम करणारें औषध शोधण्याचे प्रयत्न झाले. झिमेलिडिन हें त्या जातीचें पहिलें औषध 1982 सालीं स्वीडनमध्यें विक्रीस आलें. परंतु कांहीं रुग्णांचे हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा विकार उद्भवल्यामुळें 1983 सालीं तें मागें घ्यावें लागलें. 1987 च्या डिसेंबरांत अमेरिकेंत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि 'प्रोझॅक' हें त्याचें नांव घरोघरीं झालें. या नव्या जातीच्या औषधांनीं जुना धोका पुष्कळ कमी केला. अधिक मात्रा पोटांत गेली तरी जीव जाण्याचा संभव पूर्वीहून थोडा.

पण म्हण खोटी ठरली नाहीं. देहांतील सेरोटोनिनचा फार मोठा भाग मेंदूंत नसून आंतड्यांत असतो. त्यामुळें या औषधांनीं पहिले कांहीं दिवस मळमळ होते, पोट बिघडतें. कोणाला झोंप येत नाहीं, कोणाला ती अधिक येते. घाम सुटतो, हात कांपतो. वैवाहिक जीवनांतील इच्छा मंदावते आणि ही तक्रार संकोचामुळें बहुधा कोणी बोलून दाखवीत नाहीं. रक्त गोठविणाऱ्या कणांतही सेरोटोनिन असल्यामुळें ॲस्पिरिनसारख्या औषधाबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. वृद्धांच्या रक्तांतील सोडियम कमी होऊन ते गोंधळल्यासारखे होतात व घरच्यांना तें वयाचें लक्षण वाटतें. औषध एकाएकीं बंद केलें तर चक्कर, बेचैनी, विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, असे प्रकार होतात. मुलें व किशोरवयीन यांच्यांत आरंभीं आत्मघाताचे विचार वाढण्याचा संभव आहे, अशी ठळक सूचना 2004 सालीं अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें छापावयास लाविली.

हें सारें वाचून औषधाची धास्ती घेणें हा मात्र या इतिहासाचा विपरीत अर्थ होईल. विषण्णता हा कांहीं नुसता मनाचा कमकुवतपणा नव्हे. ती माणसाचें अन्न, झोंप, कामधंदा आणि कित्येकदां प्राणही हिरावून नेते. या औषधांनीं असंख्य घरांतील माणसें परत मिळवून दिलीं आहेत. वर सांगितलेले उपद्रव प्रत्येकाला होतात असेंही नाहीं. पुष्कळांना थोडे होतात व कांहीं आठवड्यांत निवळतात. परंतु रुग्णानें ते मुकाट्यानें सोसूं नयेत, आणि शेजाऱ्याच्या सल्ल्यानें औषध एकदम टाकूनही देऊं नये. मात्रा बदलावी, औषध बदलावें कीं सावकाश उतरवावें, हें ठरविण्याला डॉक्टर समर्थ असतो. फक्त त्याला सांगितलें पाहिजे.

सांगण्याइतकेंच ऐकणेंही महत्त्वाचें आहे. सी व्ह्यूच्या दालनांत नाचणारे क्षयरोगी, रक्तदाब उतरला तरी खिन्न झालेले रेसर्पिनचे रुग्ण, जेवणानंतर डोकें धरून बसणारी नॉटिंगहॅमची गृहिणी, या सर्वांचा देह कांहींतरी सांगत होता. ज्यांनीं तें सांगणें क्षुल्लक मानलें त्यांच्या हातून शोध निसटला. ज्यांनीं हंसूं आवरून कान दिला त्यांनीं माणसें वांचविलीं. विषण्ण माणसाची प्रत्येक तक्रार 'मनाचे खेळ' म्हणून उडवून देण्याची संवय घरांत आणि दवाखान्यांत दोन्हीकडे असते. ज्याचें मन आजारी आहे, त्याचा देह खोटें बोलतो असें मात्र नाहीं. त्या औषधविक्रेत्यानें आपल्या पत्नीचा देह खरें बोलतो असें मानलें, तिच्या ताटांत काय होतें तें लक्षांत ठेविलें आणि चार ओळींचें पत्र टपालांत टाकलें. आज या औषधाबरोबर वर्ज्य पदार्थांची जी यादी रुग्णाच्या हातीं पडते, तिचा उगम त्या पत्रांत आहे.